चिखलाचा हिरवा

१६ ऑक्टोबर, सोमवार

विकला! बारदालेसने संघ विकला!

हौदावर बसून कालच्या सामन्याचे मोजे घासत होते. शेजारच्या दुकानात रेडिओ चालू. त्यात आमचे अध्यक्ष नोएल बारदालेस, आवाज नेहमीसारखाच गुळमट — "हा धंदा आहे मित्रांनो, भावना जरा बाजूला ठेवू." लीगमधली आमची जागा राजधानीतल्या कुणा इंजिनियर लांदाला दिली म्हणे. १० डिसेंबरला मोसम संपेल, आणि जानेवारीपासून ती जागा तिकडे. नाव वेगळं, कपडे वेगळे, गाव वेगळं.

या देशात संघ म्हणजे माणसं नव्हेत, मैदान नव्हे. एक कागद. लीगमधल्या जागेचा. तो ज्याच्या कपाटात, संघ त्याचा. दुसऱ्या गावांचे संघ असे गेलेले मी पाहिलेत. लोक सकाळी उठले तर त्यांचा संघ दोनशे किलोमीटर लांब राहायला गेलेला! तेव्हा आम्ही हसलो होतो. म्हणालो, त्यांना सांभाळता आला नाही. आता बसा हसत.

एकतीस वर्षं मी देपोर्तिवो सान ओनोफ्रेचे कपडे धुते आहे. नवरा गेला त्या आठवड्यातही धुतले. मला कुणी विचारलं? मोज्याला विचारतात का, पाय कुणाचा घालू म्हणून!

१७ ऑक्टोबर

चोवीस जोड मोजे. एकही हरवलेला नाही. रागात असले की जास्त पांढरे निघतात.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

दुकानासमोर सभा झाली. अर्धं गाव. बालेआदा, घेवड्याचं सारण भरलेल्या पोळ्या, खात खात सगळे ओरडत होते, त्यामुळे कुणाचंच काही कळत नव्हतं. कप्तान चेले म्हणाला, बारदालेसची गाडी उलटी करू. टाळ्या!

मग इसेला उठली. डॉन रेनेरियोची नात, गावातली एकुलती एक वकील. म्हणाली, "गाडी नंतर उलटी करा. आधी सांगा, हा संघ कुणाचा? बारदालेसचा असेल तर तो विकू शकतो. पण स्थापनेच्या पुस्तकात गावाचा म्हणून लिहिलेला असेल, तर गावाने हात वर केल्याशिवाय त्याला शिंकसुद्धा विकता येणार नाही."

आता ते पुस्तक कुठाय? सगळ्यांच्या माना रेनेरियोकडे. चौऱ्याऐंशी वर्षांचा म्हातारा, पहिल्या दिवसापासूनचा चिटणीस, त्या वेळचा हा एकच उरलाय. तो काठीच्या टोकाकडे बघत म्हणाला, "वाळवीने खाल्लं."

"सगळं?"

"वाळवी काय अर्धं ठेवते?"

पुस्तक गेलं तर गेलं. गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे. चौऱ्याहत्तरचं फिफी वादळ. नदी गावात. मी आठ वर्षांची, छपरावर, मांडीत कोंबडी. पाणी ओसरलं आणि दोन-चार महिन्यांत गावाने चिखलातून संघ उभा केला. मैदानाच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलंय — वादळातून जन्मलेले. ते पहिले शर्टसुद्धा चिखलाच्या हिरव्या रंगाचे. नीट हिरवा नाही, काळपट, शेवाळल्यासारखा. वादळाची आठवण म्हणून मुद्दाम तसा निवडला, असं प्रत्येक मूल शाळेत शिकतं.

असल्या गावाचा संघ विकणार? बघतेच.

२५ ऑक्टोबर, बुधवार

आज ट्रक आला. दोन माणसं, हातात यादी, यादीवर बारदालेसची सही. इंजिनियर लांदाला चषक हवेत आणि जुने शर्ट. पहिल्या वर्षापासूनचे. राजधानीत मोठा कार्यक्रम आहे, त्यात "परंपरा" मांडायची आहे म्हणे! परंपरा विकत घेतो मेला.

चषक बारदालेसच्याच ऑफिसात होते, ते गेले. पण शर्ट माझ्याकडे. सगळ्या वर्षांचे, माझ्या घरातल्या लाकडी पेटीत, लिंबाच्या पानांत. ट्रक कोपऱ्यावर वळताना आवाज ऐकला. विचार वगैरे काही केला नाही. पेटी ओढली आणि सगळे शर्ट हौदात!

"बाई, शर्ट."

"ओले आहेत."

"सगळे?"

"धुण्याचा दिवस आहे."

"मग तसेच द्या, पोत्यात भरतो."

"ओले कपडे पोत्यात? राजधानीत पोचेपर्यंत बुरशी धरेल. तुमचा इंजिनियर बुरशी मांडणार का टेबलावर?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने फोन लावला. पलीकडून कुणीतरी बराच वेळ बोललं. मग फोन ठेवून तो म्हणाला, "वाळले की येतो."

"या ना! कॉफी घ्यायलाच या."

आमच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर ते जानेवारी काही वाळत नाही, हे राजधानीच्या माणसाला कुठून माहीत असणार.

२६ ऑक्टोबर

ओले कपडे काही विक्री थांबवत नाहीत. मला कळतं ते, मी वेडी नाही. पण काल ते रिकाम्या हाताने गेले. कधीतरी कुणीतरी इथून रिकाम्या हाताने जायलाच हवं होतं.

१ नोव्हेंबर, बुधवार

पुन्हा ट्रक. पुन्हा हौद. "बाई, अजून ओलेच?" म्हटलं, "आभाळाला विचारा." दुकानातली पोरं खिदळत होती. जाताना ड्रायव्हरने गुपचूप दोन नारळाचे पाव विकत घेतले आणि एक मला दिला. त्याच्याही गावाचा संघ असाच विकला गेला, म्हणाला, सहा वर्षांपूर्वी.

५ नोव्हेंबर, रविवार

अक्षर वेडंवाकडं येतंय. हसूनहसून!

आज घरचा सामना. मी कपड्यांची पिशवी घेऊन मैदानावर गेले तर कुंपणाच्या जाळीवर धुणं! या टोकापासून त्या टोकापर्यंत. चादरी, झगे-परकर जे म्हणाल ते, शाळेचे गणवेश, पाळण्यातली झबली, कुणाच्या तरी आजोबांच्या भल्यामोठ्या चड्ड्या. सगळं ओलं, टपटपतंय. बायका घरून बादल्या भरून घेऊन आल्या होत्या. बारदालेसच्या खुर्चीसमोर तर त्यांनी गोधड्याच टांगल्या. त्याला अर्धं मैदान दिसेना.

त्याने पंचाकडे माणूस पाठवला, हे काढायला सांगा म्हणून. आणि सगळं मैदान एका आवाजात — "ओ-ले आ-हेत! ओ-ले आ-हेत!"

पंचालाच हसू आलं. पाहुण्या संघाचा गोलरक्षक कमरेवर हात ठेवून बघत राहिला. चेलेने दोन गोल मारले. दुसरा मारून तो सरळ माझ्याकडे धावत आला आणि घामाचा शर्ट काढून माझ्या डोक्यावर टाकला. "मावशी, हा पण ओला!"

पंचाने त्याला पिवळं कार्ड दाखवलं. असू दे.

८ नोव्हेंबर, बुधवार

तिसऱ्यांदा ट्रक येऊन गेला. तिसऱ्यांदा भिजवले. आणि आज जे दिसलं ते कुणाला सांगू, कळत नाही. इथेच लिहिते.

हे जुने शर्ट मी याआधी कधी धुतलेच नव्हते. जपून ठेवायचे, धुवायचे कशाला. तीनदा भिजले, पिळले, तेव्हा सर्वांत जुन्या चौदा शर्टांपैकी एकाच्या छातीवरचा बिल्ला सुटला. दोरा कुजलेला होता. पुन्हा टाचावा म्हणून उजेडात धरला.

बिल्ल्याखाली कापड लाल आहे.

कुणी दुसरा असता तर म्हणाला असता, डाग असेल. मी एकतीस वर्षं कपडे धुतलेत. दोनदा या हातांनी रंगवलेतही. लाल कापड हिरव्या रंगात बुडवलं की हिरवा येत नाही. काळपट येतो. शेवाळ येतं. चिखल येतो! आणि कापडावर आधीच काही शिवलेलं असेल तर त्याच्याखाली रंग पोचत नाही. म्हणजे हा शर्ट आधी लाल होता आणि त्यावर आधी दुसरा बिल्ला होता. तो उसवून त्याच जागी आमचा लावला. टाक्यांची जुनी भोकं अजून आहेत. सुईच्या टोकाने एकेक जोडत गेले. ए. ह.

दुसरा उसवला. लाल. तिसरा. लाल.

एल हिकारो. नदीच्या वरच्या अंगाला, होडीने पलीकडे जावं लागतं ते खेडं. आमच्या लहानपणी तिकडच्या लोकांना इथले लोक उगाच चिडवायचे. का चिडवायचे, ते कुणाला ठाऊक नव्हतं.

९ नोव्हेंबर

झोप नाही. कॉफी नाही. चौदाच्या चौदा लाल.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

रेनेरियोकडे गेले. एकटाच व्हरांड्यात बसला होता. तो ओला शर्ट त्याच्या मांडीवर टाकला, लाल चौकोन वर करून.

त्याने अंगठा फिरवला त्यावर. मग म्हणाला, "मी त्यांना सांगितलं होतं. आधी बिल्ले उसवा, मग रंगवा. पण घाई होती."

"वाळवीने काय काय खाल्लं, डॉन रेनेरियो?"

तो उठला. आत मक्याचं पिंप आहे, त्यात कोपरापर्यंत हात घातला. पुस्तक प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं होतं. एवढी वर्षं तो त्या पिंपातला मका खात होता!

पहिलंच पान. १९ जानेवारी १९७५. त्याचंच अक्षर, शाळामास्तरासारखं. "नदीने एल हिकारोच्या मैदानावर वाळू आणून टाकल्यामुळे तेथील संघ लीगमधली आपली जागा आणि चौदा लाल शर्ट सान ओनोफ्रे गावाकडे सांभाळण्यास देत आहे. मैदान खेळण्याजोगे होताच दोन्ही परत करण्यात यावे." खाली दोन्ही गावांच्या सह्या. सान ओनोफ्रेच्या सह्यांत माझ्या बापाची सही. माझा बाप! दर रविवारी मला खांद्यावर बसवून मैदानावर नेणारा.

"मग परत का नाही केलं?"

"तीन वर्षांनी आले होते ते मागायला. सहा माणसं, धुतलेले सदरे घालून. वाळू हातांनी उपसली म्हणाले. आम्ही त्यांना सरबत पाजलं. पुढच्या वर्षी बघू म्हटलं."

"का?"

तो माझ्याकडे बघेना. "जिंकायला लागलो होतो ना, पोरी."

११ नोव्हेंबर

चूल पेटलेली होती. पुस्तक हातात होतं. जाळलं नाही. एवढंच लिहिते.

१३ नोव्हेंबर, सोमवार

इसेलाला दाखवलं. तिने तीनदा वाचलं. आधी डोळे चमकले, मग विझले.

"ओदाल्मा मावशी, या एका पानाने विक्री मेली. जागा सांभाळायला दिलेली आहे. सांभाळायला दिलेली वस्तू बारदालेस विकूच शकत नाही."

"मग?"

"मग आपणही ठेवू शकत नाही."

तिने विचारलं, "काय करायचं?" एवढी शिकलेली पोर मला विचारते! म्हटलं, चोरीची गाय कसायाला विकू देणार नाही. पण चोरीची आहे हे कळल्यावर दूधही काढणार नाही.

म्हणायला म्हटलं. घरी येऊन भांडी आपटत बसले.

१५ नोव्हेंबर, बुधवार

बारदालेस स्वतः आला. कुणीतरी कळवलं असणार, या गावात भिंतींना कानच काय, तोंडंही आहेत. बूट चिखलात रुतले म्हणून दारातच उभा राहिला.

"डोन्या ओदाल्मा, इंजिनियर लांदांना तुमच्याबद्दल फार आदर आहे. राजधानीत या. कपड्यांच्या मुख्य. मोठ्ठं धुण्याचं मशीन, वाळवायचं वेगळं मशीन. हौदावर कंबर मोडायला नको. ते जुनं पुस्तक मात्र... कशाला जुन्या गोष्टी उकरायच्या?"

"मशीन वाळवतं?"

"अर्ध्या तासात!"

"मग मी तिथे काय करू? मला ओले ठेवायची सवय आहे."

त्याचा गुळमटपणा गेला. म्हणाला, तुम्ही विक्री नाही थांबवत, तुम्ही संघ मारताय. माझ्याकडून निदान कुठेतरी जिवंत राहील. आणि खरं सांगू? ते वाक्य टोचलं.

१८ नोव्हेंबर, शनिवार

सभेत इसेलाने पान वाचून दाखवलं. मी शर्ट हातात धरून उभी.

ज्या बायकांनी बादल्या आणल्या होत्या त्याच ओरडायला लागल्या. "खोटं आहे!" "पन्नास वर्षांनी कसली परतफेड!" "तुला काय मिळालं गं, ओदाल्मा?" कुणी म्हणालं घरभेदी. कुणी बापाचं नाव काढलं. रेनेरियो उभा राहिला, म्हणाला, "मी लिहिलंय ते. खोटं असेल तर मी खोटा," तर त्यालाही बस म्हणाले. त्या माणसाला या गावात आजवर कुणी बस म्हटलं नव्हतं.

चेले शेवटी आला. ओरडला नाही. तेच वाईट. "मावशी, मी अकरा वर्षांचा असल्यापासून तू माझे कपडे धुतेस. मला जानेवारीत कुठे खेळायला सांगतेस?"

मी एवढंच म्हणाले, की चोरलेल्या शर्टात तुला पुन्हा पाठवणार नाही. तो म्हणाला, "मी नव्हता चोरला." खरंय. त्याने नव्हता चोरला. मीही नव्हता. पण आता माहीत आहे, आणि माहीत नसल्यासारखं करणं मला जमत नाही. कधीच जमलं नाही. त्यापायी आयुष्यात कमी का भोगलंय!

घरी आले तर दोरीवरचे माझे कपडे कुणीतरी चिखलात टाकलेले. उचलले. पुन्हा धुतले. माझा हात काही मोडला नाही.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

बसने दीड तास, मग होडी. पिशवीत चौदा शर्ट आणि पुस्तकाची प्रत.

एल हिकारोत शिरताच मैदान. हिरवंगार, सपाट. दोन गाई चरत होत्या. आणि गोलचे खांब लाल. रंग कुठेच उडालेला नाही. त्यांच्या त्या वेळच्या कप्तानाची विधवा डोन्या एउफ्रासिया, एकोणऐंशी वर्षांची, दारात बसून शेंगा सोलत होती. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं. तिने मान वर केली नाही.

"उशीर केलात," म्हणाली.

खांबांचं विचारलं. दर वर्षी ईस्टरच्या पवित्र आठवड्याआधी रंगवतात. आधी नवरा रंगवायचा, मग मुलगा, आता नातू. "मैदान तयार नाही असं उद्या कुणी म्हणायला नको." अठ्ठ्याहत्तर सालापासून!

मी शर्ट काढून तिच्या समोर ठेवला. तिने लाल चौकोन पाहिला. मग आजूबाजूचा काळपट हिरवा. माझ्याकडे बघून म्हणाली, "हे तुम्ही कसं घालत होतात? किती घाण रंग आहे!"

मला हसू आलं आणि रडूही. खरंच घाण रंग आहे. आम्ही त्याच्यावर गाणी केली होती.

माफी मागितली. ती म्हणाली, "तू तेव्हा केवढी होतीस? आठ? मग गप बस. माफी मागायची ती मेली सगळी." आणि शेंगांची टोपली माझ्याकडे सरकवली. संध्याकाळपर्यंत दोघी सोलत होतो. पुस्तकाची प्रत ठेवून आले. शर्ट मात्र इसेलाला लीगच्या ऑफिसात दाखवायचे होते, ते परत आणले.

१ डिसेंबर

लीगचा निकाल आला. विक्री रद्द. जागा एल हिकारोची. त्यांनी सभा घेऊन ठरवायचं — स्वतः खेळणार, की विकणार, की सान ओनोफ्रेकडेच राहू देणार. १७ तारखेला.

बारदालेस हरला! ओरडावंसं वाटलं. शेजारी कुणी ओरडायला नव्हतं.

१० डिसेंबर, रविवार

मोसमाचा शेवटचा सामना. कुंपणावर आज धुणं नव्हतं. लोक होते, पण माझ्याशी कुणी बोललं नाही. कपडे खुंट्यांवर लावले, प्रत्येकाच्या नंबराखाली. तेवढ्यात चेले आत आला, बसला, बूट बांधता बांधता म्हणाला, "मावशी, कॉलरला खळ जास्त झालीय. मान कापते."

"शेवटची आहे. सहन कर."

तो हसला. तीन आठवड्यांनी पहिल्यांदा. एक-एक बरोबरीत सुटला सामना. संपल्यावर कुणी हललं नाही. पाऊस होता, तरी सगळे बसून राहिले.

१४ डिसेंबर

इंजिनियर लांदा एल हिकारोला जाऊन आला. नदीवर पूल बांधून देतो म्हणाला. पक्का, गाडी जाईल असा. आमच्या गावानेही माणसं पाठवली, चेले त्यांत होता. जागा आमच्याकडे राहू द्या, शर्ट लाल करतो, नावात तुमचं नाव जोडतो. हात जोडून आले.

त्या गावाला पूल हवाय. मागच्या वर्षी एक बाळंतीण होडीतच गेली. पूल घेतला तर कोणत्या तोंडाने काही बोलू? आणि जागा आमच्याकडे राहू दिली तर? लाज वाटते लिहायला, पण इथे कुणापासून लपवू — रोज सकाळी उठून तेच मागते आहे. राहू दे. राहू दे.

१७ डिसेंबर, रविवार

सभा मैदानावरच झाली. पुलासाठी तीन हात. आमच्यासाठी एकही नाही. बाकी सगळे, एकसष्ट, स्वतः खेळण्यासाठी. पोरं लगेच काटेरी तार ओढून कुंपण घालायला लागली.

मी चौदा शर्ट एउफ्रासियाच्या हातात दिले. म्हटलं, मला काही नको, आठवड्यातून दोनदा बसने येईन, कपडे मी धुते. तिने शर्ट मोजले, काखेत धरले. रागाने बोलली नाही.

"आम्हाला हात आहेत, ओदाल्मा. घरी जा."

मी तिच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. होडीत बसेपर्यंत रडले नाही.

जानेवारीत त्यांचा पहिला सामना आहे. जाणार. तिकीट काढून, समोरच्या दरवाजाने. बघू मला कोण अडवतं!